वळवाचा वारा आणि झाडाचा आडोसा

९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात वादळी पाऊस आला, तेव्हा बाबूजी महाराज संस्थानातले भाविक पत्र्याच्या शेडखाली होते. शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवर कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. त्या माणसांचं काहीच चुकलं नव्हतं. पावसात आडोसा कोण शोधत नाही? पण वळवाच्या वेळी आपण भिजण्यापासून पळतो आणि वाऱ्याच्या तावडीत सापडतो. एप्रिल-मेमध्ये उंच ढगातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत बरंचसं वाटेतच विरतं. त्यामुळे ती हवा गार आणि जड होऊन वेगाने खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. म्हणून अनेकदा पहिल्या थेंबाआधीच धुळीचा लोट आणि गार झोत येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला नुसतं डुलणारं झाड ८० ला उन्मळू शकतं.

मग मोठी झाडं तोडायची का? मुळीच नाही. उन्हाळ्यात सावली देणारी ही झाडं आपणच कमकुवत करतो. केबल नि गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळं तुटतात, बुंध्याला भिडवून काँक्रीट ओततात, रस्त्याकडच्या तेवढ्याच फांद्या छाटून झाडाचा तोल घालवतात. वरून हिरवंगार दिसणारं झाड आतून पोकळ असू शकतं. बुंध्याशी उगवलेली भूछत्रं, मुळांजवळ जमिनीला पडलेली भेग, नव्याने आलेला कल ही धोक्याची लक्षणं. ती दिसली की पावसाळ्याची वाट न पाहता झाड तपासून घ्यायला हवं.

वळीव सांगून येत नाही, असंही म्हटलं जातं. नेमकं कुठलं झाड पडेल हे खरंच सांगता येत नाही. पण हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं आणि गार झोत तर अंगालाच लागतो. तेवढ्या वेळात दुचाकीस्वाराला झाडाखाली थांबण्याऐवजी पक्की इमारत गाठता येते. उघड्या रानात विजेचं भय असतं हा आक्षेप रास्त आहे, पण झाड विजेपासूनही वाचवत नाही, त्यामुळे तिथे थांबण्याला कुठलाच आधार उरत नाही. शेतकऱ्याने ढग दाटताच घर गाठावं. लग्नाचा किंवा सप्ताहाचा मांडव घालणाऱ्यांनी सावलीच्या मोहात न पडता झाडाच्या उंचीहून जास्त अंतर सोडावं, आणि पाऊस आल्यावर माणसं कुठल्या पक्क्या इमारतीत न्यायची हे आधीच ठरवून ठेवावं.