परदेशातून वस्तू मागविताना आयात शुल्काचा हिशेब

द्राक्ष, डाळिंब, तसेच पॉलिहाऊसमधील फुले व भाजीपाला घेणारे अनेक बागायतदार अलीकडे लहानमोठी उपकरणे थेट परदेशी विक्रेत्याकडून मागवितात. रसातील साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, पाण्याचा सामू व क्षारता मोजणारे मीटर, छाटणीच्या कात्र्या, कलमाचे चाकू, फवारणीचे नोझल अशा वस्तूंचा यात समावेश असतो. मोबाईलवर दिसणारी किंमत पाहून मागणी नोंदविली जाते. पार्सल दारात आले की कुरिअरवाला आणखी काही हजार रुपये मागतो. ही रक्कम कशाची, हे न कळल्याने काही जण पार्सल परत पाठवितात. मग विक्रेत्याला दिलेले पैसे अडकतात आणि ऐन हंगामात उपकरणही हाती येत नाही. हे टाळावयाचे असेल, तर मागणी नोंदविण्यापूर्वीच वस्तू दारात केवढ्याला पडेल हे काढता आले पाहिजे.

शुल्क कोणकोणते?

परदेशातून येणाऱ्या वस्तूवर सर्वसाधारणपणे तीन आकारण्या होतात.

१) मूळ सीमाशुल्क : यालाच आपण बोलण्यात कस्टम ड्युटी म्हणतो. याचा दर वस्तूप्रमाणे वेगवेगळा असतो.

२) समाजकल्याण अधिभार : हा २०१८ पासून लागू आहे. तो वस्तूच्या किमतीवर नसून मूळ सीमाशुल्काच्या १० टक्के असतो. काही वस्तूंना यातून सूट आहे.

३) एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजेच आयजीएसटी : १ जुलै २०१७ पासून आयात मालावर हा कर लागतो. देशात त्या वस्तूवर जीएसटीचा जो दर असेल तोच येथे लागतो.

यांशिवाय काही ठराविक वस्तूंवर २०२१ पासून कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आहे. दर अर्थसंकल्पात व अधूनमधून निघणाऱ्या अधिसूचनांनी बदलतात. म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी किती भरले यावर विसंबून राहू नये.

शुल्क कशावर मोजतात?

येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नसते. वस्तूची किंमत, भारतापर्यंतची वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून आकारणीयोग्य मूल्य ठरते. विमानाने माल आला असेल, तर वाहतूक खर्च कितीही झाला तरी मूल्यात तो वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरला जात नाही. विम्याची रक्कम माहीत नसल्यास किमतीच्या १.१२५ टक्के विमा धरतात. परकीय चलनाचे रुपये करताना बँकेचा नव्हे, तर सीमाशुल्कासाठी ठरलेला विनिमय दर वापरतात.

एक उदाहरण

समजा, एका बागायतदाराने १०,००० रुपये किमतीचा रिफ्रॅक्टोमीटर मागविला. वाहतुकीचे १,९०० रुपये व विम्याचे १०० रुपये झाले. पद्धत समजण्यासाठी मूळ सीमाशुल्क १० टक्के व आयजीएसटी १८ टक्के धरू. प्रत्यक्ष दर मागणीच्या वेळी पाहून घ्यावेत.

आकारणीयोग्य मूल्य : १२,००० रु.
मूळ सीमाशुल्क, १० टक्के : १,२०० रु.
अधिभार, १,२०० रुपयांच्या १० टक्के : १२० रु.
आयजीएसटीसाठी धरावयाची रक्कम : १३,३२० रु.
आयजीएसटी, १८ टक्के : २,३९७.६० रु.
एकूण शुल्क व कर : ३,७१७.६० रु.
वस्तूची पडलेली किंमत : १५,७१७.६० रु.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, १० व १८ मिळून २८ टक्के होतील असे वाटते. पण आयजीएसटी हा मूळ शुल्क व अधिभार मिळवून आलेल्या रकमेवर बसतो. त्यामुळे बोजा मूल्याच्या जवळजवळ ३१ टक्के होतो. दुसरी, आपण मनात धरलेल्या १०,००० रुपयांच्या मानाने ही वस्तू दीडपटीहून महाग पडली. शिवाय कुरिअर कंपनी आपल्या वतीने शुल्क भरण्याचा वेगळा मोबदला व त्यावर जीएसटी घेते. एवढ्या किमतीत तेच उपकरण येथील विक्रेत्याकडे हमीसह मिळत असेल, तर परदेशी खरेदी फायद्याची नाही.

वर्गीकरणाचे महत्त्व

प्रत्येक वस्तूला सीमाशुल्क दरपत्रकात एक क्रमांक असतो व त्यावरून दर ठरतो. हाताने वापरावयाच्या शेती अवजारांना जीएसटीत सूट आहे आणि छाटणीची कात्री त्यात येते. मोजमापाच्या उपकरणांना ही सूट नाही. म्हणून बीजकावर नुसते 'सुटे भाग' किंवा 'साहित्य' असे न लिहिता वस्तूचे नेमके नाव व क्रमांक लिहावयास विक्रेत्याला सांगावे. स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या वस्तूंसाठी दरपत्रकात ९८०४ हे वेगळे शीर्षक आहे. आपले पार्सल कोणत्या शीर्षकाखाली जाईल हे कुरिअर कंपनीला आधीच विचारावे. सीमाशुल्क विभागाच्या 'आइसगेट' संकेतस्थळावर शुल्क मोजण्याची सोय आहे.

मागणीपूर्वी घ्यावयाची काळजी

१) विक्रेत्याची किंमत शुल्क धरून आहे की शुल्काशिवाय, हे लेखी विचारावे.

२) पार्सलवर 'भेट' किंवा 'नमुना' लिहून किंमत कमी दाखवितो, असे विक्रेता म्हणाल्यास नकार द्यावा. भेटवस्तूंची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. खोटी किंमत दाखविल्यास माल जप्त होऊ शकतो व दंड माल मागविणाऱ्याला होतो, विक्रेत्याला नव्हे.

३) ओळखपत्र व पैसे भरल्याची पावती तयार ठेवावी. कागदपत्रांअभावी पार्सल पडून राहिल्यास साठवणुकीचा आकार वाढत जातो.

४) विक्रीसाठी माल आणावयाचा असेल, तर विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो.

५) शेतकरी उत्पादक कंपनीची जीएसटी नोंदणी असल्यास मागणी कंपनीच्या नावे करावी. आयात कागदपत्रावर तिचा जीएसटी क्रमांक असल्यास, नियमांना अधीन राहून, आयजीएसटीची वजावट मिळू शकते. मूळ सीमाशुल्काची वजावट मिळत नाही. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला सर्वच रक्कम खर्चात धरावी लागते.

६) हमीच्या काळात फुकट आलेल्या सुट्या भागावरही शुल्क लागू शकते, कारण पैसे दिले नाहीत म्हणून वस्तूचे मूल्य शून्य धरले जात नाही.

७) 'तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या खात्यात पैसे भरा' असा फोन आल्यास पैसे भरू नयेत. सीमाशुल्क खाते कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे भरावयास सांगत नाही. कुरिअर कंपनीच्या कार्यालयात पार्सल क्रमांक देऊन खात्री करावी.

शुल्क भरूनही न येणाऱ्या वस्तू

काही वस्तूंचा प्रश्न पैशाचा नसतोच. पूर्ण तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घालण्यात आली. संशोधन व संरक्षणासारखे मोजके अपवाद सोडता ती लागू आहे. फवारणीचा ड्रोन परदेशातून स्वस्त मिळतो म्हणून त्याचे पैसे भरू नयेत.

बियाणे, कलमे, कंद व रोपे यांबाबत तर अधिक जागरूक राहावे. वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे अशा मालासाठी आधी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसलेले पाकीट अडवून नष्ट केले जाऊ शकते. ऑगस्ट २०२० मध्ये न मागविता आलेल्या संशयास्पद बियाण्यांच्या पाकिटांबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केले होते. असे पाकीट आल्यास ते न पेरता, न फेकता, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावे. परदेशी तण देशात शिरले म्हणजे काय होते, हे गाजरगवताने आपल्याला दाखविले आहे. १९५५ मध्ये पुण्यात नोंद झालेले हे तण आज बांधाबांधावर आहे, आणि त्याच्या खुरपणीची मजुरी आपण दरवर्षी मोजतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, परदेशी वस्तू मागविण्यापूर्वी कागदावर चार ओळींचा हिशेब मांडावा. किंमत, वाहतूक, शुल्क आणि कुरिअरचा मोबदला यांची बेरीज करावी आणि पार्सल यावयास लागणारे दिवस मोजावेत. ही बेरीज परवडली व उपकरण काढणीपूर्वी हाती येत असेल, तरच मागणी नोंदवावी.