दरबार कोणाचा?

१९११ च्या डिसेंबरात दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला आणि संस्थानिकांनी क्रमाने पुढे येऊन बादशहाला मानवंदना दिली. सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. हा शब्द त्यांनी दिल्लीवरूनच घेतला, असा माझा दावा नाही. मला मोलाचा वाटतो तो प्रवेशाचा नियम. दिल्लीत संस्थानिकाचा मान तोफांच्या सलामीवर ठरे. या दरबाराचे दार मात्र बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना उघडे होते. ख्रिस्ताला राजा मानले, की सरकारबरोबर मिशनचीही सत्ता दुय्यम ठरते. मग दारावर पहारा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न चर्चलाही चुकत नाही.