लष्करी गाडीचा खरबरीत रंग काढायचाय? आधी ग्राइंडर खाली ठेवा

(ताज्या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘अं’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे जोंगा. २०१९ मध्ये धोनी रांचीत ही गाडी चालवताना दिसला आणि बऱ्याच जणांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. निसान पॅट्रोलच्या परवान्यावर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली सैन्याची गाडी. १९९९ मध्ये उत्पादन थांबलं. सैन्यातून बाद झालेल्या जोंगा घेऊन लोक त्या पुन्हा उभ्या करतात, आणि बहुतेकांचं काम पहिल्यांदा अडतं ते रंगापाशी. वर हात फिरवला तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं वाटतं.

हा खरबरीतपणा येतो कुठून?

कारणं साधारण तीन. एक, वर्षानुवर्षं ब्रशने थरावर थर चढवलेला रंग. दोन, पाय ठेवायच्या जागी घसरू नये म्हणून मुद्दाम बारीक कण मिसळलेला रंग. तीन, नंतरच्या मालकाने पोचे आणि गंज झाकायला मारलेलं रबरी कोटिंग, ज्याला बेड लायनर म्हणतात.

ओळखायचं कसं? कोपऱ्यात पट्टीचं टोक दाबून बघा. रबरासारखं दबलं आणि लांब साल निघाली तर बहुधा बेड लायनर. कडक टवके उडाले तर जुना इनॅमल. पट्टी करकरली तर आत कण आहेत.

ग्राइंडर का नको?

पहिलं कारण साधं आहे. कणवाल्या रंगात तुम्ही वाळूने वाळू घासताय. पेपर झिजतो, उंचवटे गुळगुळीत होतात, खड्ड्यांतला रंग तसाच राहतो. बेड लायनर तर गरम होऊन डिस्कलाच चिकटतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, ते म्हणजे शिसं. मारुतीच्या मूर्तीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून जगभर हाच शेंदूर प्रायमरमध्ये वापरला गेला. वरच्या पिवळ्या-हिरव्या रंगांतही शिशाचे क्रोमेट असायचे. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. शेवटची जोंगा त्याच्या अठरा वर्षं आधीची. आतला तांबडा थर साधा रेड ऑक्साइड आहे की शेंदूर, हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. म्हणून शिसं आहे असंच धरून चाला.

ग्राइंडरने या थराची पिठासारखी धूळ होते. ती कपड्यांवरून घरात जाते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

मग करायचं काय?

कणांशी भांडू नका, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ सोडवा. तो मऊ झाला की कण आपोआप सुटतात.

जुन्या इनॅमलसाठी आणि कणवाल्या रंगासाठी पेंट रिमूव्हर. जाड थर द्या, वर प्लॅस्टिक अंथरा म्हणजे तो वाळणार नाही, आणि डब्यावर दिलेला वेळ थांबा. मग बोथट पट्टीने काढा. खाचांसाठी नायलॉनचा ब्रश. एका फेरीत सगळं निघत नाही, दोन-तीन फेऱ्या धरा.

रिमूव्हर घेताना डब्यावरचं वाचा. मिथिलीन क्लोराइड असेल तर बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याने माणसं दगावलीत. अमेरिकेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी घातली. बेंझिल अल्कोहोलवाले हळू काम करतात, पण तुलनेने बरे. एन-९५ मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजवाला मास्कच लागतो.

बेड लायनरला हीट गन चालते, पण मऊ होईल इतपतच. धूर दिसला म्हणजे तुम्ही पॉलियुरेथेन जाळताय, आणि तो धूर फुप्फुसांना घातक. खाली शिशाचा थर असेल तर जास्त उष्णतेने शिशाची वाफही होते.

सँडब्लास्टिंग चासीला उत्तम. बॉनेट आणि दरवाज्यांचा पत्रा मात्र चुकीच्या प्रेशरने पोळीसारखा फुगतो आणि परत सरळ होत नाही. कारागिराला आधी विचारा, काय मारणार? साधी वाळू म्हणाला तर दुसरीकडे जा, त्या धुळीने सिलिकोसिस होतो.

काम करताना लहान मुलं लांब ठेवा. खाली प्लॅस्टिक अंथरा, टवके ओले ठेवून पिशवीत गोळा करा, गटारात सोडू नका, कपडे वेगळे धुवा. आणि पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर मारा. आपल्या पावसाळी हवेत उघड्या लोखंडावर काही तासांत तांबूस झाक येते.

सगळं खरवडण्याआधी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे काढलेला मूळ रंग तुम्ही परत मारू शकत नाही. या कोडला रोलबॅक नाही! म्हणून रंग थराथराने उतरवा. खाली जुना लष्करी नंबर किंवा तुकडीचं चिन्ह सापडू शकतं. दिसलं की थांबा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा. डॅशबोर्डच्या आतला हातभर तुकडा न खरवडता, वर क्लिअर कोट मारून तसाच ठेवला तरी चालेल. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल, त्याला ती मुळात कशी होती हे दिसेल.

तुमच्या गाडीच्या रंगाखाली काय निघालं, फोटोसह कळवा. पुढच्या भागात प्रायमर. भेटूच!