पडद्यावरील तक्ता वहींत कसा उतरतो

निकालाचे दिवस आले म्हणजे शिक्षकांच्या खोलींत एक जोडीकाम चालतें. एक जण नांवें व गुण मोठ्यानें वाचतो, दुसरा ते उतरून घेतो, आणि शेवटीं दोघे मिळून बेरजा ताडून पाहतात. आतां पुष्कळ तक्ते कागदावर नसून वेबच्या पानांवर असतात, आणि आपणांस ते हवे असतात एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्यें. कारण तेथें बेरीज, सरासरी व अनुक्रम क्षणांत लावतां येतात. दहा ओळी असल्या तर हातानें उतरून घ्याव्या. परंतु अनेक पानांवर पसरलेल्या हजारों ओळी असल्या तर हें काम संगणकास सांगावें लागतें. तें कसें सांगावें, आणि सांगतांना कोठें सावध असावें, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पानाचें स्वरूप पाहूं. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत मांडली. वेबचें पान आपणांस चित्रासारखें दिसतें, परंतु मुळांत तो साधा मजकूरच असतो. त्या मजकुरांत खुणा घातलेल्या असतात: येथें तक्ता सुरू झाला, येथें ओळ सुरू झाली, हें एक घर, येथें ओळ संपली. खुणांच्या या भाषेस एचटीएमएल म्हणतात. छापखान्यांत संपादकाच्या खुणा पाहून खिळे जुळविणारा पान सजवितो; तसेंच येथें ब्राउझर या खुणा वाचून पडद्यावर तक्ता आंखतो.

स्प्रेडशीटची फाइल याहून निराळी असते. एक्सेलची हल्लींची फाइल म्हणजे अनेक लहान लहान मजकुरांचें आवळून बांधलेलें गाठोडें होय. एकांत घरांतील आंकडे, दुसऱ्यांत शब्द, तिसऱ्यांत सजावट. ज्यांस जिज्ञासा असेल त्यांनीं अशा फाइलीची एक प्रत करावी, तिच्या नांवाचें शेपूट बदलून 'झिप' करावें, आणि ती उघडून पाहावी; गाठोडें सुटलेलें दिसेल.

म्हणजे काम दुहेरी ठरलें: एका भाषेंतील खुणा वाचावयाच्या आणि दुसऱ्या पद्धतीचें गाठोडें बांधावयाचें. हें सर्व आपणच लिहूं म्हटलें तर महिने जातील. सुदैवानें तें पूर्वींच कोणीं तरी करून ठेविलें आहे. अशा तयार आज्ञांच्या भांडारास लायब्ररी म्हणतात. पायथन ही संगणकाची भाषा गिदो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली, आणि त्या भाषेंतील पांडाज ही लायब्ररी वेस मॅकिनी यांनीं २००८ सालीं हातीं घेतली. दोन्ही विनामूल्य मिळतात.

पांडाजला तीन गोष्टी सांगावयाच्या. पहिली आज्ञा 'रीड एचटीएमएल'. तीस पानाचा पत्ता द्यावा. ती पानावरील एकच नव्हे, तर सर्व तक्ते ओळीनें आणून देते. दुसरी गोष्ट, त्यांतून हवा तो निवडावा. येथें मोजणी एकापासून नव्हे तर शून्यापासून होते, म्हणून पहिल्या तक्त्याचा क्रमांक शून्य. तिसरी आज्ञा 'टू एक्सेल'. तीस नव्या फाइलीचें नांव द्यावें. सारा प्रोग्राम चार-पांच ओळींचा होतो.

एवढें सोपें असतां लेख येथेंच संपावयास हवा होता. परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. यंत्र आकार उतरतें. अर्थ त्यास कळत नाहीं. कांहीं पानें आधीं रिकामी चौकट पाठवितात आणि तक्ता मागाहून ब्राउझरमध्यें भरतात. अशा वेळीं लायब्ररी तक्ता सांपडला नाहीं असें स्पष्ट कळविते. हा दोष ओरडून सांगणारा आहे, म्हणून फारसा घातक नाहीं. घातक दोष मुकाट्यानें येतात. त्यांपैकीं तीन सांगतों.

एखाद्या विद्यार्थ्याचा क्रमांक इंग्रजी आंकड्यांत ०२३१ असा लिहिलेला असला, तर यंत्र त्यास संख्या समजून २३१ करितें. यास्तव तो स्तंभ अक्षरांप्रमाणें जसाच्या तसा घ्यावा, असें आज्ञेंतच बजावावें लागतें. दुसरें, गैरहजेरीच्या तारखा १२,१५ अशा असल्या, तर स्वल्पविराम हजारांचा मानून यंत्र एक हजार दोनशें पंधरा लिहितें. तिसरें, दोघां भावंडांची मिळून फी १,२०० रुपये दोन ओळींवर पसरलेल्या एकाच घरांत लिहिलेली असली, तर लायब्ररी ती रक्कम दोन्ही ओळींत भरते, आणि बेरीज २,४०० येते. कोठेंही तक्रार नाहीं, सूचना नाहीं. तक्ता मात्र खोटा.

हे दोष केवळ शाळेपुरते आहेत असें समजूं नये. २०२० सालीं इंग्लंडांत कोविडच्या सांथींत प्रयोगशाळांचे निकाल एकत्र करितांना एक्सेलच्या जुन्या पद्धतीची फाइल वापरली गेली. तींत एका पानावर ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहींत. मर्यादा भरली आणि उरलेल्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळांतील १५,८४१ रुग्ण दैनिक गणनेंत आले नाहींत. त्या रुग्णांस आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध लांबणीवर पडला. गळालेली प्रत्येक ओळ म्हणजे एक मनुष्य होता, व त्याच्याभोंवतीं त्याचें घर होतें.

म्हणून आम्ही मुलांस तीन नियम घालून देतों. मूळ पानावरील ओळी व फाइलींतील ओळी मोजून ताडाव्या. एखाद्या स्तंभाची बेरीज मूळ बेरजेशीं जुळवावी. पहिली, शेवटची व मधली कोणतीही एक ओळ डोळ्यांनीं अक्षरशः वाचावी. यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. यांच्या जोडीस चौथा नियम शिष्टाचाराचा: ज्यांचें पान आहे त्यांच्या अटी आधीं पाहाव्या, आणि एकामागून एक शेंकडों पानें मागून त्यांच्या यंत्रावर भार घालूं नये.

आरंभीं सांगितलेल्या जोडीकामांतील वाचणारा व लिहिणारा, या दोघांचीही जागा आतां यंत्रानें घेतली आहे. ताडून पाहणाऱ्याची जागा मात्र तशीच मोकळी आहे, व ती मनुष्यानेंच भरावयाची आहे. थोडक्यावर विश्वासू राहिलेल्या दासाचा दृष्टांत आमच्या मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकिला आहे. एका शून्याविषयीं दाखविलेली निष्ठा हीही त्याच जातीची आहे, असें आम्हांस वाटतें.