काचेच्या टाकीतील हिरवाई : छंद आणि दक्षता

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक बोटावरील गाठ दाखवण्यासाठी माझ्याकडे आले. गाठ फारशी दुखत नव्हती, तापही नव्हता. मधुमेह मात्र जुना होता. साधा जंतुसंसर्ग समजून मी नेहमीचे प्रतिजैविक दिले. महिन्याभराने ते पुन्हा आले, तेव्हा मनगटाच्या दिशेने आणखी दोन गाठी उठल्या होत्या. "हातांनी कोणते काम करता?" हा प्रश्न मी तेव्हा कुठे विचारला. "माशांच्या टाकीतील झाडे मीच लावतो आणि मीच छाटतो," असे उत्तर मिळाले. गाठीचा तुकडा तपासल्यावर मायकोबॅक्टेरियम मरिनम हा, क्षयाच्या जंतूच्या कुळातील, पाण्यात राहणारा जंतू आढळला. उपचार चार महिने चालले. तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. ती चूक माझी.

"टाकी काढून टाकू का?" असे त्यांच्या कन्येने विचारले. मी नको म्हटले. पत्नीच्या निधनानंतर सकाळी वेळेवर उठण्यासाठी त्यांना तेवढेच निमित्त उरले होते. टाकी ठेवून आम्ही ती सांभाळण्याची रीत बदलली. तीच आपणांपुढे मांडतो.

टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असावी. तीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे काच व वाळूसह वजन साठ किलोंच्या पुढे जाते. म्हणून मेज भक्कम हवे. खुर्चीत बसून टाकी डोळ्यांसमोर यावी आणि काम करताना हात खांद्यावर उचलावे लागू नयेत, एवढीच तिची उंची ठेवावी.

वनस्पती कमी मागण्या करणाऱ्या निवडाव्यात. अनुबियास व जावा फर्न मंद प्रकाशातही तगतात. त्यांचे आडवे, जाड खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दोऱ्याने दगडाला वा लाकडाला बांधावे. फितीसारख्या पानांची वॅलिसनेरिया वाळूत लावावी. ती धावत्या फांद्यांनी स्वतःच पसरते. क्रिप्टोकोरीनची पाने नव्या जागी आठवड्याभरात विरघळल्यासारखी गळतात. झाड मेले असे समजून अनेकजण ते उपटून टाकतात. मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात, धीर धरावा.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. टायमर लावल्यास विसरण्याची चिंता नाही. खिडकीचे थेट ऊन पडल्यास शेवाळ माजते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. उपकारक जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात, आणि वनस्पती अमोनिया व नायट्रेट दोन्ही खत म्हणून शोषतात. जीवाणूंचा हा जम बसण्यास सुमारे महिना लागतो. म्हणून आधी झाडे लावावीत आणि मासे नंतर, थोडे थोडे सोडावेत. रात्री झाडेही प्राणवायू घेतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडत असतील तर हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा.

आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा, म्हणजे दहा-अकरा लिटर पाणी बदलावे. बादली उचलू नये. दोन-दोन लिटरच्या तांब्याने काम करावे. क्लोरीन उडून जाण्यासाठी नळाचे पाणी चोवीस तास ठेवताना त्यावर बारीक कापड बांधावे, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. पाणी काढण्याची नळी तोंडाने कधीही ओढू नये. फरशीवर सांडलेले पाणी लगेच पुसावे. या वयात घसरून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे घरादाराची परीक्षा असते.

पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा, पंप व हीटर यांचे बटण बंद करून पिन काढावी. वायर सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

झाडांसाठी 'द्रव कार्बन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत ग्लुटराल्डिहाइड असते. रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना झोंबते. वरील झाडांना त्याची गरज नाही. दम्याच्या रुग्णाच्या घरी तर ते आणूच नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक सूचना. स्मरणशक्ती क्षीण झालेली व्यक्ती माशांना दिवसातून अनेकदा खाऊ घालते आणि उरलेल्या खाद्याने पाणी बिघडते. गोळ्यांसाठी मिळणाऱ्या सात कप्प्यांच्या डबीत आठवड्याचे खाद्य भरून ठेवावे, रिकामा कप्पा पाहून गोंधळ टळतो. मात्र ही डबी औषधांच्या डबीहून वेगळ्या रंगाची असावी आणि वेगळ्या जागी ठेवावी.

हातावर कापले वा खरचटले असेल तर पाण्यात हात घालू नये. मधुमेही, तसेच स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी कोपरापर्यंतचे हातमोजे नेहमी वापरावेत. काम संपल्यावर सर्वांनीच साबणाने हात धुवावेत. बोटावर वा हातावर आलेली गाठ किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावे आणि घरी माशांची टाकी आहे, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे.