ते पुडकं परत कुणाकडे जायचं?

परवाचीच गोष्ट. सकाळचे साडेनऊ वाजलेले, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि दारावरची बेल वाजली. दारात आमच्या कचरा नेणाऱ्या मावशी. एरवी बादली रिकामी करून त्या न बोलता पुढच्या दाराकडे वळतात. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "वहिनी, जरा बाहेर येता का?"

बाहेर गेले. त्यांनी सुक्या कचऱ्याची पिशवी उघडून दाखवली. आत सॅनिटरी पॅड, तेही सुटं, कागदात न गुंडाळलेलं. आमच्या कन्यकेचा प्रताप! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "पोरीला सांगा हो. आम्हाला हे हातानं निवडावं लागतं. मग दुपारची भाकरी त्याच हातानं खायची असती."

त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरेना.

मुलीला मी बोलले, ते ठीकच. पण मग मनात आलं, की चूक काय एकट्या पोरीचीच? वस्तू विकत घेतली तेव्हा पाकिटावर फुलं होती, हसणारी मुलगी होती, किती तास टिकेल ते मोठ्या अक्षरांत होतं. वापरून झाल्यावर तिचं करायचं काय, हे सांगायला मात्र तिथं जागा अगदी बारीक उरली होती. विकणाऱ्याचं काम पैसे हातात पडले की संपलं. पुढचं सगळं मुलीच्या, माझ्या आणि मावशींच्या वाट्याला.

आमच्या आईच्या वेळी घड्यांचं कापड असे. धुण्यावाळवण्याचा, लपवण्याचा जाच होता, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पॅड आले म्हणून मुली निर्धास्त शाळेत जाऊ लागल्या, हे खरंच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी सुमारे ६४ टक्के मुली सॅनिटरी पॅड वापरतात असं आढळलं. चांगलीच गोष्ट. पण या पॅडमध्ये नुसता कापूस नसतो हो. वरचा पापुद्रा प्लॅस्टिकच्या धाग्यांचा, खालचा न गळणारा थर प्लॅस्टिकचा, आणि मधे लगद्याबरोबर ओल शोषून फुगणारी रासायनिक भुकटी. भंगारवाला ते घेत नाही, खतात ते कुजत नाही. सोसायटीतल्या छोट्या भट्टीत जाळावं तर आच पुरेशी नसते आणि विषारी धूर निघतो.

पुण्याच्या कचरावेचक बायकांनी या प्रश्नाला जे उत्तर शोधलं, ते मला फार आवडतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि या बायका महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेऊ लागल्या. वर्षानुवर्षं त्या सांगत होत्या, की बायांनो, निदान कागदात गुंडाळा. काही घरांनी ऐकलं, बऱ्याच घरांनी नाही. शेवटी २०१३ साली त्यांनी काय केलं माहीत आहे? वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरल्या आणि पॅड बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे पाठवून दिल्या! तुमचा माल, तुम्हीच सांभाळा. चारचौघींत ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, ते त्यांनी थेट साहेबांच्या टेबलाशी नेलं. मला एवढं धैर्य झालं नसतं, हे कबूल करते.

या मागणीला शास्त्रोक्त नावही आहे, 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी'. स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट या अभ्यासकाने १९९०च्या सुमारास ही कल्पना मांडली. नाव बोजड असलं तरी मुद्दा कोणत्याही गृहिणीला कळेल असा आहे: ज्याने वस्तू बनवून नफा घेतला, त्याने ती टाकाऊ झाल्यावरचा खर्चही उचलावा. जर्मनीत १९९१ साली तसा कायदाच झाला. तिथल्या बायकांना मुभा मिळाली, की टूथपेस्टच्या ट्यूबवरचा पुठ्ठ्याचा खोका नको असेल तर दुकानातच ठेवून जा. वेष्टणाच्या वजनावर पैसे मोजायची वेळ आली, तेव्हा नको ती वेष्टणं कमी कशी करावी हे कारखानदारांना आपोआप सुचू लागलं. खिशाला चाट बसली की डोकं चालतं!

आणि आपल्याला तरी यात नवीन काय आहे? काचेच्या बाटलीतून दूध यायचं तेव्हा रिकामी बाटली घासून परत द्यावी लागे. सोड्याच्या बाटलीची अनामत दुकानदाराकडे असे. बाटली कंपनीची होती आणि ती कंपनीकडेच परत जायची. पिशव्या आणि पुड्या आल्या, तशी ही रीत मोडली. कंपनीचं ओझं उतरलं आणि ते आपल्या केराच्या बादलीत येऊन पडलं.

आपल्याकडे २०१६च्या घनकचरा नियमांत पहिल्यांदा पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांचा उल्लेख आला. एक तर सगळा माल पुन्हा वापरात येण्याजोगा करता येतो का ते पाहा, नाहीतर प्रत्येक नगाबरोबर टाकण्यासाठी पाकीट द्या, असं त्यात म्हटलं होतं. पाकीट दिलं की काम झालं! त्यातही गंमत अशी, की ते पाकीट पुष्कळदा प्लॅस्टिकचंच.

२०२२ साली प्लॅस्टिकच्या वेष्टणांसाठी कडक नियम आले. कंपनीने बाजारात जेवढं वेष्टण आणलं, त्याच्या ठरावीक टक्के परत गोळा करून दाखवायचं. पण नीट पाहा, हे झालं वेष्टणाचं. पॅडच्या पुड्याची वरची प्लॅस्टिकची पिशवी त्यात मोजली जाते, आतलं पॅड नाही. म्हणजे सोपं ते हिशेबात, आणि ज्याला मावशींचा हात लागतो ते हिशेबाबाहेर.

आमच्या भिशीत हा विषय काढला तेव्हा एकीने लगेच विचारलं, "अगं, कंपनीवर खर्च टाकला तर ती किंमत नाही का वाढवणार? गरीब मुलींनी काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. थोडीफार किंमत वाढेलही. पण आजही ही किंमत कुणीतरी देतच आहे. ती पुड्यावर छापलेली नाही, इतकंच. महापालिकेच्या करातून थोडी जाते आणि बाकीची मावशी आपल्या हातांनी चुकवतात. जास्त कचरा करणाऱ्याला जास्त भरावं लागलं, तर कमी प्लॅस्टिकचा माल काढण्याची निकड त्याला वाटेल. आज ती का वाटावी?

तोवर आपल्या हातात आहे तेवढं तरी करू. वापरलेलं पॅड घट्ट गुंडाळून वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदात बांधावं. वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहावं लागत नाही. हे पुडकं ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्यावं. संडासात तर मुळीच टाकू नये, नळ तुंबतो आणि तो साफ करायलाही कुणीतरी माणूसच उतरतो. बाळाच्या डायपरलाही हेच लागू. कापडी पॅड किंवा कप ज्यांना सोयीचे वाटतात त्यांनी जरूर वापरावेत. पण घरात पाण्याची बादली मोजून मिळते, अशा मुलीला तो उपदेश करू नये.

मी आणखी एक केलं. आमच्या घरी येणारं पॅड ज्या कंपनीचं आहे, तिच्या पुड्यावरचा ग्राहक सेवेचा पत्ता भिंगाने वाचून पत्र टाकलं. वापरलेला माल परत घेण्याची काय व्यवस्था आहे, एवढंच विचारलं. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, आणि सोबत त्यांच्या नव्या, जास्त लांबीच्या पॅडचं जाहिरातीचं पत्रक.

मावशींना ते पत्र मी दारातच वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बादली उचलत म्हणाल्या, "त्यांचा पत्ता लिहून द्या मला, वहिनी."

मी दिला लिहून.