टपावरची खिडकी आणि काळी डबी

मोटारीच्या टपाला खिडकी ठेवण्याची कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याने आपल्याकडचा आषाढ पाहिला नसावा. आमच्या २००९ सालच्या मोटारीला असे एक सनरूफ आहे. मुलीला त्याचा भारी अभिमान. सौभाग्यवतींच्या मते ती पैसे मोजून घेतलेली गळती.

२०२४ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी हे छप्पर अर्धे उघडले ते मिटेचना. दुसऱ्या दिवशी पहाटे साताऱ्याला जाऊन आईला पुण्यास आणायचे होते. तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरलेली. आभाळ गच्च भरलेले. जवळच्या गॅरेजमधील मिस्तरींनी दोनदा बटण दाबले आणि निकाल दिला, "साहेब, मोटर गेली. सगळा संच बदलावा लागेल. अठरा हजार धरून चाला." शिवाय संच यायला आठवडा!

पण मोटर गेली, तर छप्पर आणखी मागे सरकत होते ते कसे? उघडण्याचे बटण दाबले की ते बिनतक्रार सरके. उघडणारी आणि मिटणारी मोटर एकच, फ्यूजही एकच. म्हणजे दुखणे मिटण्याच्या वाटेवरच कुठेतरी.

येथे रिलेची ओळख करून दिली पाहिजे. काड्यापेटीहून लहान अशी ही काळी डबी. आत तारेचे वेटोळे. बटण दाबले की त्यातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो, वेटोळ्याचे लोहचुंबक होते, ते पत्र्याची जीभ 'टिक्' करून ओढते आणि मोटरीला लागणारा मोठा प्रवाह सुरू होतो. नाजूक बटणावर भार नको, म्हणून हा हमाल. तारायंत्रातही हीच युक्ती होती. दमलेला संदेश नव्या बॅटरीच्या जोरावर पुढे ढकलायचा, डाकेचे घोडे बदलावेत तसा.

आमच्या मोटारीत सनरूफला असे दोन रिले आहेत, जुळ्या भावांसारखे. एरवी मोटरीची दोन्ही टोके अर्थला जोडलेली. एक रिले ओढला की एका टोकाला बॅटरी मिळते आणि छप्पर उघडते. दुसरा ओढला की प्रवाह उलटा आणि छप्पर मिटते.

मुलीला बटणाशी बसवले आणि मी डॅशबोर्डाखाली डोके घालून डबीवर बोट ठेवले.

"बाबा, दाबू?"

"दाब."

टिक्! म्हणजे बटण शाबूत, वेटोळे शाबूत. संशय उरला तो आतल्या जिभेच्या टोकावर. किल्ली काढून दोन्ही डब्यांची अदलाबदल केली. छप्पर सरसर मिटले, आणि आता उघडेना! रोग डबीबरोबर खुर्ची बदलून बसला होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आता ते उघडायला जाऊच नका." खंबाटकी घाटात पावसाने झोडपले. येतानाही सरी होत्या, पण आई कोरडी घरी आली.

नवा रिले नाना पेठेत पावणेदोनशे रुपयांना मिळाला. दुकानदार चार पायांचा देऊ करील, तो येथे चालत नाही. पाचवा, ८७-ए हा पाय हवाच, कारण अर्थ त्यातूनच मिळतो. काही रिलेंत ३० आणि ८६ या पायांच्या जागा उलट असतात. तेव्हा जुनी डबी खिशात घालून न्यावी आणि अंगावरची आकृती ताडून पाहावी.

जुनीचे टोपण उचकटले. टोक काजळून खड्डे पडलेले. पॉलिश पेपरने घासून काही दिवस निभते, पण टोकावरचा चांदीचा मुलामा गेला की ते पुन्हा जळते. मी ती डबी मिस्तरींना दाखवली. ते हसून म्हणाले, "ठेवून जा साहेब, पोरांना शिकवायला बरी."

एक राहिले. सनरूफची चौकट पाणी पूर्ण अडवीत नाही. आत आलेले पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खाली वाहून जाते. मिरगाआधी प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी सावकाश ओतावे. ते गाडीखाली ठिबकले तर ठीक. गालिच्यावर आले, तर नळी पाचोळ्याने तुंबलेली आहे.